आईच्या गळ्यातल्या बटणाबद्दल

ती. आई-बाबा,
नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "हो हो, बघतो" म्हणतात आणि आई लगेच मुलं जेवली का वर येते, म्हणून यावेळी सगळं नीट लिहून पाठवतेय. बाबा, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचा आणि आईला पण मोठ्याने वाचून दाखवा, कारण पडल्यावर मदत बोलवायचं ते अलार्मचं बटण तिच्या गळ्यात आहे.

फोन कंपनीचं ते जे पत्र आलंय ना, लँडलाइन डिजिटल होणार म्हणून, ते खरं आहे, कुणी फसवत नाहीये. इकडचं, यूकेतलं सगळं जुनं टेलिफोन नेटवर्क 31 जानेवारी 2027 पर्यंत बंद व्हायचंय. आधी डिसेंबर 2025 ठरलं होतं, मग 2024 मध्ये तारीख पुढे ढकलली, आणि त्याचं मोठं कारण हेच की लाखो वयस्कर माणसांचे केअर अलार्म, म्हणजे आईसारखे मदतीचे बटणवाले, या जुन्या लाइनवर चालतात. पूर्ण यूकेत असे 18 लाखांच्या आसपास लोक आहेत म्हणे. त्यातली एक आपली आई.

बाबा, मुद्दा असा आहे की जुन्या फोनला भिंतीतल्या पांढऱ्या सॉकेटमधूनच करंट यायचा, साधारण 50 व्होल्ट, आणि तो टेलिफोन एक्स्चेंजमधून यायचा, घरातल्या लाइटशी त्याचा काही संबंधच नव्हता. नोव्हेंबर 2021 चं ते आर्वेन वादळ आठवतंय ना? आपल्या डरहमकडे किती दिवस लाइट नव्हती, काही घरांना तर आठवड्याच्या वर, मोबाइलला रेंज नाही, मी इकडे नुसती येरझाऱ्या घालतेय, आणि मग तुमचा फोन आला, हॉलमधल्या त्या वायरवाल्या जुन्या फोनवरून, की आम्ही ठीक आहोत, गॅस चालू आहे, आईने खिचडी टाकलीये. तो फोन लागला तो त्या 50 व्होल्टमुळे. नवीन लाइनमध्ये हे नसणारे. नवीन फोन राउटरमधून चालणार, राउटरला घरातली लाइट लागणार, लाइट गेली की फोन गेला आणि फोनवर चालणारा अलार्म पण गेला. त्या वादळानंतर लोकांनी एवढी ओरड केली की बीटी या फोन कंपनीने मार्च 2022 मध्ये त्यांचं हे डिजिटल व्हॉइसचं काम काही काळ थांबवलं होतं.

आणि लाइट असली तरी अडचण आहेच. आईने बटण दाबलं की हॉलमधला तो बॉक्स अलार्मवाल्यांच्या सेंटरला फोन लावतो आणि आधी टूं टूं असे टोन पाठवतो, त्यावरून तिकडच्या कॉम्प्युटरला कळतं की हे कुणाचं घर. डिजिटल लाइनवर आवाज दाबून, तुकडे करून जातो. आपण बोलताना एखादा तुकडा गाळला गेला तरी कानाला समजतं, पण मशीनला त्या टोनचा अर्थ लागेलच असं नाही. कधी लागतो, कधी नाही. "कधी लागतो" यावर आईला सोडायचं नाहीये मला.

आता बाबा, तुम्ही त्या गावात एवढी वर्षं जीपी होतात, हे मी तुम्हाला काय सांगणार. पेशंट कधीतरी पडणारच, त्यापेक्षा वाईट म्हणजे पडल्यावर तासन्‌तास तसंच जमिनीवर पडून राहणं, हे मी तुमच्याच तोंडून ऐकत मोठी झाले. थंडीत फरशीवर रात्रभर पडलेली माणसं, स्नायू खराब होऊन किडनीवर आलेलं, सगळं तुम्ही पाहिलंय. आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर आपण हा अलार्म घेतला तो त्यासाठीच. तुम्ही घरात असता हे खरं, पण तुम्ही मागे बागेत असता, दुकानात जाता, आणि कानाचं मशीन दुपारी काढून ठेवता.

काकूंकडे काय झालं ते तुम्हाला अर्धवटच माहितीये. त्यांची लाइन बदलायला माणूस आला, त्याने फोन राउटरच्या मागे लावून दिला, फोन छान वाजला, सही घेतली, गेला. अलार्मची वायर मात्र जुन्या भिंतीच्या सॉकेटमध्येच राहिली आणि ते सॉकेट आता मेलेलं. बॉक्स बिचारा लाल दिवा लावून थोड्या थोड्या वेळाने पीप पीप करत होता, काकूंना झोप लागेना म्हणून त्यांनी त्याच्यावर जाडसा टॉवेल टाकला आणि तो तसाच राहिला. त्या पडल्या नाहीत हे नशीब. पण त्या माणसाने घरात अलार्म आहे का एवढं तरी विचारायला नको होतं का? मला अजून राग येतो. आणि हे काही एकट्या काकूंचं नाही, असे गंभीर प्रकार झाल्यावरच डिसेंबर 2023 मध्ये सरकारने फोन कंपन्यांकडून अशा ग्राहकांची काळजी घेऊ म्हणून लिहून घेतलं, आणि आता तर अलार्मची सोय नीट चालतेय याची खात्री झाल्याशिवाय असं घर डिजिटलवर न्यायचं नाही असं ठरलंय. पण घरात अलार्म आहे हे कंपनीला कळलं तर ना! म्हणून पत्राला नुसतं "हो" म्हणू नका. आधी सांगायचं, आमच्याकडे केअर अलार्म आहे, तो बदलून तपासून झाल्याशिवाय लाइनला हात लावू नका. हे सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आई म्हणते तसं त्यांना त्रास देणं नाहीये ते.

आपल्याला बॉक्स बदलून घ्यायचाय, सिमकार्डवाला. हे मी मुद्दाम सांगतेय कारण राउटरला जोडायचे बॉक्सही मिळतात आणि ते दिसायला सोपं वाटतं. पण बघा, फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ऑफकॉमच्या नियमाने त्यांना, ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी, लाइट गेल्यावर 999 हा इमर्जन्सी नंबर लागेल अशी सोय फुकट द्यावी लागते, पण ती किमान 1 तासाची. 1 तास! अलार्मच्या बॉक्सची स्वतःची बॅटरी चांगली दिवसभर टिकते, पण राउटर बंद पडला तर त्या बॅटरीचा काय उपयोग. सिमवाला बॉक्स राउटरवर अवलंबून नसतो. सिम एकाच कंपनीला बांधलेलं नको, जे नेटवर्क मिळेल ते पकडणारं पाहिजे, आणि 4जी चालणारं पाहिजे कारण 3जी गेलं आणि 2जी पण 2033 पर्यंत जाणारे. तुमच्याकडे स्वयंपाकघरात रेंज येत नाही, हॉलच्या खिडकीपाशी येते, त्यामुळे लावायला माणूस येईल तेव्हा बॉक्स कुठे ठेवायचा ते त्याच्याकडून तपासून घ्यायचं, टेबलावर जागा आहे म्हणून तिथे नाही. आर्वेनसारखं वादळ आलं तर मोबाइलचे टॉवरही जातात, शंभर टक्के खात्रीचं काहीच नाहीये हे मलाही कळतं, पण म्हणूनच वीज कंपनीच्या प्रायॉरिटी रजिस्टरवर तुमचं नाव घालायचंय, फुकट असतं, लाइट गेली की ते स्वतः विचारपूस करतात. आणि लाइट गेली तर 105 नंबर, तो फ्रिजवर लिहून लावा.

बाबा, रात्री झोपताना घरातली सगळी बटणं बंद करायची तुमची सवय मला माहितीये, टीव्ही, टोस्टर, राउटर, सगळं. वीज वाचवायला बाकी काय ते बंद करा. लाइन डिजिटल झाली की राउटर आणि अलार्म या दोन स्विचना रात्रीसुद्धा हात लावायचा नाही, मी त्यावर लाल टेप लावणारे. पुण्याला जाताना मेन स्विच पाडून जाता ते पण अलार्मवाल्यांना आधी कळवून.

आणि आई, तू. बटण अंघोळीच्या वेळी काढून देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवतेस ना, ते बंद कर. त्याला पाण्याने काही होत नाही, अंघोळीसाठीच तसं बनवलंय, आणि बाथरूममध्येच तर पाय घसरतो. दुसरं, दर महिन्याला एकदा ते दाबायचं. "उगाच कशाला त्या मुलीला उठवायचं" असं करू नकोस. ती मुलगी त्यासाठीच बसलीये, "टेस्ट करतेय" एवढंच म्हणायचं, त्यांना बरंच वाटतं. तारीख लक्षात राहत नसेल तर संकष्टीला दाब, ती तू कधी विसरत नाहीस.

कुणी फोन करून म्हणालं की डिजिटलसाठी पैसे भरा, बँकेचा नंबर सांगा, तर सरळ ठेवून द्या. नुसती लाइन बदलायला कुणी पैसे मागत नाही.

बाबा, आता वाचून झालं की उठा आणि अलार्मचा बॉक्स हळूच उचलून खालच्या स्टिकरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मॉडेल नंबर नीट दिसला पाहिजे. त्या पत्राच्या दोन्ही बाजूंचे फोटो पण. सोमवारी सकाळी मी आधी कौन्सिलच्या अलार्मवाल्यांना आणि मग फोन कंपनीला फोन करतेय, तुमच्या वतीने बोलायला त्यांना तुमची परवानगी लागेल, तेव्हा दहा ते बारा घरीच थांबा, बागेत जाऊ नका, आणि कानाचं मशीन लावून बसा.

तुमची,
मनू