डब्याखालची चिठ्ठी

पाचोरा, रविवार रात्र

चि. भूषण यास अनेक आशीर्वाद.

काल तू म्हणालास, "आई, घरातसुद्धा वॉर्डच चालवतेस." म्हणून तोंड मिटलं आणि हे डब्याखाली ठेवते. नवी किडनी बसवून झाली, आणि बारा आठवड्यांनी उद्या कामावर चाललास. जाच. घरात बसून तुझा चेहरा उतरला होता. मला एकच म्हणायचंय, आठची गोळी.

सकाळी आठला तू जळगावच्या गाडीत, रात्री गाडी लेट झाली तर पुन्हा गाडीतच. टॅक्रोलिमसला, शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणूनच्या त्या गोळीला, बारा तासांचं अंतर लागतं, घर की फलाट ते तिला कळत नाही. कॅप्सूल आधीच काढून डबीत भरू नको, ओल लागते. पट्टीच खिशात ठेव. चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम नाही, आधी फोन. रक्तातली तिची लेव्हल मोजायच्या दिवशी मात्र उलट: गोळी लॅबमध्ये घेऊन जायची, रक्त आधी. सवयीनं आधी खाल्लीस तर लेव्हल जास्त दिसेल, डॉक्टर डोस कमी करतील, आणि किडनी उघडी पडेल.

उपाशीपोटी साखर 110 आली की तू खूश होतोस. सकाळचं प्रेडनिसोलोन स्टेरॉइड आहे, साखर चढवतं ते दुपारनंतर. चारच्या चहाआधी बोट टोच. हात थरथरला तर साखर उतरली असं धरू नको, आधी मीटर बघ, टॅक्रोलिमसनंही हात थरथरतो. मीटर जवळ नसेल तर मात्र ग्लुकोज खाऊन टाक. इन्सुलिनचे युनिट वाढले त्यात तुझा दोष नाही. चालती किडनी इन्सुलिनही लवकर संपवते. इन्सुलिनचं पेन गाडीच्या डिकीत नको, मे महिन्यात आपल्याकडे 45 अंश असतात.

स्टोअरमध्ये डॉक्टर हो म्हणेपर्यंत पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. किडनी पुढे, उजव्या बाजूला, कातडी-स्नायूंच्या खालीच आहे. बॅगेचा बंद डावीकडे घे. दुखलं म्हणून कुणाच्या ड्रॉवरमधली डायक्लोफेनॅक घेऊ नको. ताप 100.4 च्या वर गेला तर दाबू नको, त्याच दिवशी फोन. आणि तिथं केळी पुढं आली तर पोटॅशियमचा रिपोर्ट आठव.

बघ, झालं माझं सुरू. चुकलं.

अजिंठ्याच्या सहलीची ती थंड पिशवी आठवते? इन्सुलिन जसंच्या तसं परत आणलं होतंस, मित्रांसमोर सुई नको म्हणून. मी रागावले होते, फार. तेव्हा तू सातवीत होतास, आता मोठा आहेस, माहीत आहे मला. तरी चार माणसांत आठ वाजले की लाजशील, असं वाटत राहतं.

आजी शेवभाजी देणार होती, मी आडवी आले, दुधीची दिली आहे. तिनं निरोप सांगितलाय, "पोऱ्या, जीवले जप." किडनी दिली ती माझी कूस आता दुखत नाही, सारखं विचारू नको. फक्त आठला एक मिस्ड कॉल दे. दोन्ही आठला.

तुझी आई