एन्लार्जर मीटर मंद उजेडात चुकीचे आकडे दाखवतो, सर्व्हिस सेंटरने दुरुस्त न करता परत पाठवल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचा एन्लार्जर मीटर (डार्करूममध्ये निगेटिव्हवरून प्रिंट काढताना एन्लार्जरखालचा उजेड मोजून फोटो-पेपरला किती वेळ उजेड द्यायचा ते सांगणारा) मी गेल्या जानेवारीत घेतला. बिलाची प्रत जोडली आहे; वॉरंटी अजून चालू आहे. मंद उजेडात तो चुकतो म्हणून मी तो आपल्या सर्व्हिस सेंटरला पाठवला, तर दुरुस्ती न होता परत आला. वर शेरा: "मीटर योग्य आहे. आपल्या पेपरप्रमाणे कॅलिब्रेट करून वापरावा." हा शेरा मला मान्य नाही.

पेपरप्रमाणे कॅलिब्रेट करणं हे माझं काम आणि ते मी करतेच. पेपर बदलला किंवा २ नंबरचा कॉन्ट्रास्ट फिल्टर काढून ४ चा लावला, की टेस्ट स्ट्रिप (वेगवेगळ्या वेळा दिलेली पेपरची चाचणी-पट्टी) काढून नॉब नव्याने लावावाच लागतो. पण त्या नॉबने सगळे आकडे एकसारखे वरखाली सरकतात. दोन आकड्यांमधलं अंतर बदलत नाही, आणि या मीटरचा दोष नेमका त्या अंतरात आहे.

आपल्यालाही करून पाहता येईल अशी तपासणी लिहिते. एन्लार्जर स्टॅबिलायझरवर, निगेटिव्ह न लावता. दिवा तापू दिला, सेन्सर बेसबोर्डवर टेपने चिकटवला, सेफलाइट (डार्करूमचा मंद लाल दिवा) विझवला. मग लेन्स एफ ५.६ वरून ८, ११, १६, २२ अशी बंद करत नेली. दर टप्प्याला उजेड निम्मा, म्हणजेच १ स्टॉप कमी होतो, म्हणून मीटर दर वेळी १ स्टॉप उतरायला हवा. तो उतरला ०.९, ०.८, ०.७ आणि ०.६. चार स्टॉपच्या जागी तीनच! लेन्सवरच्या खुणांबद्दल शंका राहू नये म्हणून स्टेप वेज (पायरीपायरीने गडद होत जाणारी फिल्मची पट्टी) लावून पाहिला. तिथे घनता ०.३० ने वाढली की उजेड निम्मा होतो. तिथेही तीच घसरण दिसली.

शेवटी एन्लार्जरचा दिवाही बंद केला आणि सेन्सर काळ्या कापडाने झाकला. आकडा एफ २२ च्या आकड्याखाली जेमतेम १ स्टॉप! मिट्ट काळोखातही या मीटरला उजेड दिसतो. त्याचा शून्यच चुकलेला आहे, आणि तो जुळवण्याची सोय बाहेरून कुठेही दिलेली नाही.

याचा फटका बसतो तो प्रिंटच्या पांढऱ्या भागाला. मी सध्या वारीच्या जुन्या निगेटिव्हचे प्रिंट काढते आहे. टोप्या, धोतरं, सदरे निगेटिव्हमध्ये सर्वांत दाट, म्हणजे त्यांच्याखाली उजेड सर्वांत कमी. तिथेच मीटर उजेड जास्त दाखवतो आणि वेळ कमी सांगतो. एफ ५.६ ला १० सेकंद लागत असतील तर एफ २२ ला १६० लागतात. हा मीटर ८० च्या आसपास सांगतो. सदऱ्याच्या चुण्या जातात, उरतो कोरा कागद. फायबर पेपर किती महाग पडतो हे आपल्याला सांगायला नको.

सर्व्हिस सेंटरच्या अहवालात एकच नोंद आहे, ५०० लक्सची. एवढा उजेड ऑफिसातल्या टेबलावर असतो. एन्लार्जरखाली तो दोन-चार लक्स, दाट निगेटिव्हखाली कितीतरी कमी. जिथे मीटर वापरायचा त्या उजेडात तो तपासलाच गेला नाही, आणि तरीही "योग्य" म्हणून सही झाली, याचा मला मनापासून राग आला आहे.

मीटरची घडण चांगली आहे. सेन्सर लहान आहे, लाल आकडे पेपरला त्रास देणार नाहीत इतके मंद आहेत. म्हणून माझी पहिली मागणी दुरुस्तीचीच आहे: शून्य जुळवून द्यावा, आणि १ लक्सच्या खालच्या किमान तीन पातळ्यांवरचे आकडे लेखी द्यावेत. ते जमत नसेल तर मीटर बदलून द्यावा, नाहीतर दोन्ही वेळच्या कुरियर खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करेन. तपासणीच्या नोंदी, टेस्ट स्ट्रिपचे फोटो आणि आपल्या अहवालाची प्रत सोबत पाठवत आहे.

कळावे,
आपली ग्राहक