ऊसतोडीच्या करारातलं एक कलम बदला : सहकारमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सहकार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

साखर कारखान्याचा तोडणी-वाहतूक करार सहसा ऊस तोडणाऱ्या माणसाशी होत नाही, तो ट्रक-ट्रॅक्टरवाल्या वाहतूकदाराशी होतो. कारखाना वाहतूकदाराला उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) देतो किंवा स्वतःच्या हमीवर त्याच्या नावे बँकेचं कर्ज काढून देतो, आणि बदल्यात कोरे धनादेश घेतो. वाहतूकदार तीच रक्कम मुकादमाला, म्हणजे मजुरांच्या टोळीच्या म्होरक्याला, देतो, नोटरीच्या मुद्रांकावर, ‘हातउसने’ म्हणून. (मुद्रांक पूर्वी शंभराचा होता, आता पाचशेचा झाला. बदल तेवढाच.) मुकादम ती कोयत्यांना (तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्यांना) वाटतो, बहुधा रोख. तिथे कागद म्हणजे मुकादमाची डायरी आणि अंगठा.

या करारांत बहुतेक ठिकाणी एका अर्थाचं कलम असतं : मजूर आले नाहीत किंवा हंगाम सोडून गेले, तर संपूर्ण वसुलीची जबाबदारी वाहतूकदाराची. आमच्या मते धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, भूम, परांडा भागातल्या मजुरांच्या अडकवणुकीचं मूळ या कलमात आहे. कारखान्याने जोखीम खाली ढकलली, वाहतूकदाराने मुकादमावर, मुकादमाने कोयत्यावर. कोयत्याच्या खाली कुणी नाही.

वाहतूकदार हा दरवेळी खलनायक असतो असंही नाही. एकच टोळी दाखवून दोन-तीन वाहतूकदारांकडून पैसे उचलणारे मुकादम आहेत, आणि ट्रॅक्टरचे हप्ते थकून शेती विकलेले वाहतूकदारही आहेत. पण बुडालेले पैसे वसूल करायला तो दिवाणी कोर्टात जात नाही, जीप घेऊन वस्तीवर जातो. माणूस उचलून नेणं, बैल सोडून नेणं, ‘बाकी फिटेपर्यंत’ टोळीतल्या एखाद्याला ठेवून घेणं, उरलेली टोळी दुसऱ्या वाहतूकदाराच्या गळ्यात घालणं, हे प्रकार होतात. पोलीस ठाण्यात याला ‘पैशाचा व्यवहार’ म्हणतात. उलट मजुरावरच फसवणुकीचा गुन्हा लागतो.

आता हिशेब पाहा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो, मोळ्या बांधतो, गाडी भरतो, असं धरलं तर ७३२ रुपये होतात. अलीकडचे काही हंगाम शंभर दिवसांच्या आसपास आटोपले. म्हणजे हंगामाची कमाई ७३,२०० रुपये. उचल एक लाख असेल, तर एकही दिवस न चुकता तोडून २६,८०० अंगावर उरतात. त्यात आठवड्याची खर्ची, म्हणजे हंगामात जगण्यापुरते मिळणारे पैसे, धरलेली नाही. आजारपणाचे किंवा पाळीचे दहा दिवस गेले, तर ७,३२० रुपयांची मजुरी बुडते, शिवाय रोज पाचशे रुपये दराने खाड्याचे, म्हणजे गैरहजेरीच्या दंडाचे, ५,००० कापले जातात. काही टोळ्यांत खाडा हजाराचा आहे. कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप हंगाम संपतो, तेव्हा बाकी एकोणचाळीस हजारांच्या वर गेलेली असते आणि पुढच्या वर्षीचा कोयता तिथेच बांधला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्याला चौकशी करावी लागली. त्या प्रश्नाला खाड्याच्या या दंडापासून वेगळं काढता येत नाही.

कायदा आहे. वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. आगाऊ रक्कम देऊन माणसाचं दुसरीकडे काम करण्याचं किंवा मोकळेपणी जाण्या-येण्याचं स्वातंत्र्य काढून घेतलं, तर ती वेठबिगारी ठरते. असं कर्ज कायद्यानेच संपतं. संपलेल्या कर्जापोटी पैसे घेणं हा गुन्हा आहे, आणि ही वेठबिगारी नव्हे हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकाराची आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवणं ही सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितलं.

घोडं पेंड खातं ते सुटकेच्या दिवशी. तक्रार आली की तहसीलदार-पोलीस फडावर (ऊस तोडणी चालू असलेल्या शेतात) जातात, टोळी गाडीत बसवतात आणि बीडला रवाना करतात. जबाब नाही, पंचनामा नाही, मुक्तता प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नसलं की केंद्राच्या पुनर्वसन योजनेतली ३० हजारांपर्यंतची तातडीची मदत मिळत नाही आणि उचलीचं कर्जही कागदावर जिवंत राहतं. महिन्याभरात जीप पुन्हा वस्तीवर येते. म्हणून जिथे सुटका झाली त्याच उपविभागात, टोळी हलवण्याआधी, प्रत्येक प्रौढाचा स्वतंत्र जबाब आणि प्रमाणपत्र व्हायला हवं. महिलेचं वेगळं.

आपल्या हातात जे आहे, ते गाळप परवाना. एफआरपी (शेतकऱ्याला उसापोटी देय किमान दर) थकवणाऱ्या कारखान्याचा परवाना साखर आयुक्तालय अडवतं. तीच कात्री इथे चालवा.

पहिली अट : ‘मजूर पळाल्यास वाहतूकदार जबाबदार’ हे कलम रद्द. उचलीची जोखीम कारखान्याची. वाहतूकदाराशी करार फक्त वाहतुकीचा, मजुरीचा पैसा त्याच्या हातातून जाणार नाही.

उचलीला मर्यादा हवी, आणि ती कमाईला बांधलेली हवी. तीस दिवसांच्या तोडणीइतकी, म्हणजे आजच्या दराने कोयत्याला सुमारे २२ हजार. दर पंधरवड्याच्या बिलातून एक तृतीयांशापेक्षा जास्त कपात नको. मग ती नव्वद दिवसांत फिटते. पट्टा पडला की उरलेली बाकी शून्य, पुढच्या हंगामात ओढायची नाही. खाड्याचा दंड पूर्ण बंद.

कोयता ही मोजणीच मोडीत काढा. यादीत दोन माणसं, दोन बँक खाती, दोन टनांपैकी एक टनाची मजुरी बाईच्या नावावर आणि एक टनाची पुरुषाच्या. आज बाई कुठल्याच कागदावर नाही, कर्जात मात्र अर्धी धरलेली असते.

वजनाचा संदेश शेतकऱ्याच्या मोबाइलवर जातोच. त्याच खेपेवर टोळीचा क्रमांक टाकून तो मजुरांनाही पाठवणं अवघड नाही. वजनपावती चालकाच्या खिशात राहते तोवर दोन टनांचे पावणेदोन कधी झाले हे कळत नाही.

आणि तपासणी फडात व्हावी, कार्यालयात नव्हे. कारखान्याचा स्लिपबॉय (तोडणीच्या पावत्या देणारा कर्मचारी) रोज फडावर असतो. त्याने महिन्यातून एकदा मुकादम आणि चालक जवळ नसताना, बाईला आणि पुरुषाला वेगवेगळं विचारावं : आधारकार्ड आणि मोबाइल कुणाजवळ आहे? गावी मयत झाली तर जाता येईल का? बाकी किती, हे कुणी सांगितलं? घरचं कुणी मागे ठेवून घेतलंय का? फडात शाळेच्या वयाचं पोर मोळ्या उचलताना दिसलं तर तेही लिहावं. उत्तरं कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याकडे अडकू नयेत, थेट वेठबिगारीवर देखरेख करणाऱ्या जिल्हा दक्षता समितीकडे जावीत. स्लिपबॉय कारखान्याचा नोकर असल्याने तो बिचकेल, हे धरून दहातल्या एका फडाची फेरतपासणी बाहेरच्यांकडून करावी.

कारखाने म्हणतील, उचल घटवली तर टोळ्या कर्नाटकात जातील. भीती खरी आहे. उचल फुगली ती कारखान्यांच्या आपसातल्या ओढाओढीतूनच, त्यामुळे मर्यादा एकाच दिवशी सर्वांना लागू हवी आणि कर्नाटक सरकारशी आधी बोलणं हवं. लग्नाला, दवाखान्याला एकरकमी पैसा लागतो, हेही खरं. त्यासाठी बँकेचं किंवा ऊसतोड कामगार महामंडळामार्फत वेगळं कर्ज असावं. काम देणारा आणि कर्ज देणारा एकच असू नये.

साखर आयुक्तालय आपल्याकडे, ऊसतोड कामगार महामंडळ सामाजिक न्याय विभागाकडे, दक्षता समिती जिल्हाधिकाऱ्यांकडे, किमान वेतन कामगार खात्याकडे. पत्र कुठेही दिलं तरी ते पुढच्या खात्याकडे सरकतं. परवान्याची अट मात्र एकट्या आपल्या खात्याच्या सहीने होऊ शकते.

परिपत्रक ऑक्टोबरमध्ये काढू नका. उचलवाटप जून-जुलैतच, पेरणी आणि शाळेच्या खर्चाच्या तोंडावर, सुरू होतं. दसऱ्याला कोयते गाडीत बसतात तेव्हा सगळे अंगठे उठून गेलेले असतात. मे अखेरपर्यंत सुधारित कराराचा नमुना प्रत्येक कारखान्याला पोहोचावा, ही विनंती.

आपले,
बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत तोडणी-वाहतुकीचे करार आणि हिशेब तपासणारे कार्यकर्ते

प्रत : मा. साखर आयुक्त, पुणे, मा. कामगार मंत्री, जिल्हाधिकारी, बीड आणि धाराशिव