फोटो आधी, गोष्ट नंतर

प्रिय मित्रा,

जुन्या फोटोंच्या आधारे कुमारवाचकांसाठी गूढ कादंबरी लिहायला घेतलीस, फार आनंद झाला. पण प्रकरणं आधी लिहून मग फोटो शोधायचा बेत सोड. रॅन्सम रिग्ज यांची 'मिस पेरेग्रीन्स होम फॉर पेक्युलियर चिल्ड्रेन' (२०११) मुळात नुसतं फोटोंचं पुस्तक व्हायची होती. कादंबरी कर, असं संपादकानं सुचवलं. फोटो हाताशी होते म्हणून गोष्ट त्यांतून उगवली. ठरलेल्या प्रसंगाला नेमका फोटो कधीच मिळत नाही. मग कॉम्प्युटरवर जोडकाम सुरू होतं आणि वाचकाची भीती तिथंच मरते.

हे फोटो भयाण का दिसतात ते नीट समजून घे. १८५१ नंतरच्या ओल्या कोलोडियनच्या (फोटो घेण्याआधी काचेवर पसरायच्या चिकट रसायनाच्या) काचेला मुख्यतः निळा प्रकाशच 'दिसायचा'. म्हणून निळे डोळे पांढुरके येतात आणि गालांवरचे तांबूस ठिपके काळे. एक्स्पोजर, म्हणजे काचेवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, काही सेकंदांचं असल्यानं तान्ही मुलं हलायची. मग आईवर चादर टाकून तिच्या मांडीवर मूल बसवत. त्या चादरीइतकं भयाण पात्र तुला कल्पनेनं सुचणार नाही. मानेमागचा लोखंडी आधार मात्र जिवंत माणूस हलू नये म्हणून असे. प्रेताला उभं करण्यासाठी तो वापरत, ही इंटरनेटवरची अफवा कादंबरीत आणू नकोस. तो आधार तेवढं वजन पेलूच शकत नाही.

भुताचा फोटो तर साधा हिशेब आहे. आठ सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये माणूस तिसऱ्या सेकंदाला चौकटीबाहेर गेला की उरलेल्या पाच सेकंदांत मागची भिंत त्याच्या अंगावर उमटते. प्रकाशाची बेरीज होते, वजाबाकी नाही. म्हणून काळा कोट विरून जातो आणि पांढरा झगा टिकतो. भुतं पांढऱ्या कपड्यांत दिसतात ती अशी! एकच माणूस दोनदा आणि भरीव हवा असेल तर मागे काळं मखमल लागतं. पार्श्वभूमी जरा उजळ असली की दुसरी आकृती पारदर्शक होते, दोन एक्स्पोजरमध्ये कॅमेरा केसभर सरकला की सांधा दिसतो. विल्यम ममलर या फोटोग्राफरनं अमेरिकेत अशा 'आत्म्यां'चा धंदाच केला. १८६९ मध्ये न्यूयॉर्कला खटला झाला आणि तो सुटला.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे: तोच मुलगा दुसऱ्या फोटोत मिळत नाही. नायकासाठी पाठमोरे, मुखवट्यातले, लांबून घेतलेले फोटो राखून ठेव आणि स्पष्ट चेहरे एकदाच येणाऱ्या पात्रांना दे. फोटोत दिसतं ते वाक्यात सांगू नकोस. फोटो पान उलटल्यावर येऊ दे.

स्कॅन करताना कंजूषी नको. ६×९ सेंमीची प्रिंट दुप्पट मोठी छापायला ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) पुरतात, तरी १२०० ठेव. पिवळी पडलेली प्रिंटही रंगीतच स्कॅन कर, म्हणजे लाल, हिरवा, निळा असे रंगांचे वेगळे थर (चॅनेल) मिळतात: फिकट पडलेली प्रतिमा निळ्या चॅनेलमध्ये ठळक होते, पिवळे डाग लाल चॅनेलमध्ये पुसट होतात. कडांवरची चंदेरी झाक स्कॅनरमध्ये चकाकते. तिथं तिरप्या प्रकाशात कॅमेऱ्यानं कॉपी घे. मॅपलिथोवर, म्हणजे पुस्तकांच्या साध्या बिनचकाकी कागदावर, शाई पसरून सावल्या बुजतात, म्हणून सर्वांत काळा भाग ९० टक्के शाईच्या आसपास ठेव आणि त्याच कागदावर प्रूफ (छपाईचा नमुना) काढ.

प्रिंट विकत घेतली म्हणजे हक्क आला असं नाही. भारतात २०१२ पर्यंत प्रसिद्ध फोटोवर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट असे, आता तो फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो; अमेरिकेतल्या अनामिक, अप्रकाशित फोटोला काढल्यापासून १२० वर्षं लागतात. त्यामुळे तारीख हवीच, आणि ती बहुतेकदा फोटोच्या मागच्या बाजूलाच सापडते. अमेरिकन फोटो-पोस्टकार्डावर तिकिटाच्या चौकटीत 'अझो' हे फोटो-कागदाचं नाव आणि चारही कोपऱ्यांतले त्रिकोण वर टोक करून असतील, तर तो कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला.

पहिले दहा फोटो निवडलेस की मागच्या बाजूंसकट पाठव.

तुझा स्नेही