माइल्स तुमच्यासाठीच साठवले आहेत

लंडन

तीर्थरूप आई व बाबा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "तुझे माइल्स तुम्हा तिघांसाठी ठेव, आम्ही साध्या तिकिटाने येऊ, आणि माझ्या क्रेडिट कार्डावरच्या पॉइंटांचा एक मिक्सर घेऊन टाकतो." तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही, कारण हा हिशेब कागदावर मांडावा लागतो आणि तोंडी हिशेब बाबांना कधीच पटत नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे. बाबांनी ते कॅल्क्युलेटर जवळ घेऊनच वाचावे.

माइल म्हणजे विमान कंपनीने बक्षीस म्हणून दिलेला, पुढच्या तिकिटासाठी वापरता येणारा पॉइंट. त्याला स्वतःची अशी ठरलेली किंमत नसते, तो जिथे खर्च करू तिथे त्याची किंमत ठरते. ती काढण्याची रीत सोपी आहे. ज्या विमानाचे तिकीट माइल्सवर घ्यायचे, त्याच विमानाचे त्याच दिवसाचे रोख भाडे बघायचे, माइल्सच्या तिकिटावरही जे कर आणि अधिभार रोख भरावे लागतात ते त्यातून वजा करायचे आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या माइल्सनी भागायचे. समजा, मुंबई ते लंडन एका बाजूचे साधे तिकीट ३६,००० रुपयांना मिळते आणि तेच माइल्सवर घेतले तर २५,००० माइल्स व वर १४,००० रुपये कर लागतो. म्हणजे २२,००० रुपये वाचवण्यासाठी आपण २५,००० माइल्स दिले, एका माइलचे ८८ पैसे झाले. आता समजा, त्याच विमानात झोपता येईल अशी बिझनेस क्लासची जागा १,७०,००० रुपयांना आहे आणि माइल्सवर तिला ८०,००० माइल्स व ३०,००० रुपये पडतात. तर माइलचे पावणेदोन रुपये झाले, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

मात्र इथे पुष्कळ जण स्वतःचीच फसवणूक करून घेतात. आपण १,७०,००० रुपये मोजून ते तिकीट कधीच घेतले नसते, त्यामुळे तेवढे पैसे वाचले असे म्हणणे खरे नाही. मी स्वतःला विचारले की, आईचे गुडघे आणि बाबांची कंबर यांचा विचार करून मी या जागेसाठी खिशातून किती दिले असते? प्रत्येकी १,१०,००० रुपयांपर्यंत मी आनंदाने दिले असते. त्यातून कराचे ३०,००० गेले, राहिले ८०,०००, आणि माइल्सही तेवढेच. एका माइलचा पूर्ण एक रुपया. इतक्या कडक हिशेबातही ती जागा साध्या तिकिटापेक्षा सरस ठरते. गेल्या वेळी इथे उतरल्यावर आईचे पाय सुजले होते आणि तिने ते तीन दिवस माझ्यापासून लपवून ठेवले, हे मी विसरलेले नाही. घरून निघून इगतपुरीमार्गे मुंबईचा विमानतळ गाठायचा, तिथे तीन तास बसायचे आणि त्यानंतर विमानात दहाएक तास पाय लोंबकळत ठेवायचे, हे आता तिला झेपणारे नाही.

येताना बिझनेस क्लास आणि जाताना साधे तिकीट असे मी का म्हणते, तेही सांगते. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशाकडून इथले सरकार एअर पॅसेंजर ड्यूटी नावाचा कर घेते आणि तिकीट माइल्सवर असले तरी तो रोखच भरावा लागतो. भारतापर्यंतच्या अंतराला एप्रिल २०२६ पासून हा कर साध्या वर्गासाठी १०२ पौंड आणि त्यावरच्या वर्गांसाठी २४४ पौंड आहे. मुंबईहून इकडे येताना तो लागतच नाही. म्हणून माइल्स मुंबई ते लंडन या बाजूला खर्च करावेत आणि परतीचे साधे तिकीट रोख पैशांनी घ्यावे, असे माझे ठाम मत झाले आहे. रोख तिकीट जाण्यायेण्याचे मिळून घेतले तर बऱ्याचदा स्वस्त पडते, त्यामुळे एअर इंडियाचे एकेरी भाडे आधी तपासून मगच हे पक्के करीन.

माझे माइल्स ब्रिटिश एअरवेजकडचे आहेत, त्यांना एव्हिऑस म्हणतात. ते कतार एअरवेजकडेही वळवता येतात आणि दोहामार्गे जागा कधीकधी सहज मिळते, पण विमान बदलताना त्या भल्यामोठ्या विमानतळावर तुम्ही दोघांनी चालत राहावे हे मला नको. थेट विमानच हवे. ब्रिटिश एअरवेज माइल्सवरच्या जागा उड्डाणाच्या ३५५ दिवस आधी खुल्या करते आणि बिझनेस क्लासच्या अशा जागा मोजक्या असतात. त्यामुळे दोघांना एकाच विमानात जागा हवी असेल तर तारीख लवकर ठरवावी लागेल आणि पाचसहा दिवस मागेपुढे करण्याची तयारी ठेवावी लागेल. मे महिन्याच्या सुट्टीतला हट्ट सोडू या. गौरी-गणपती घरी करा, आई म्हणते त्याप्रमाणे पितृपक्षही जाऊ द्या आणि नवरात्र झाले की मग निघा.

बाबा, व्हिसा मिळाला नाही तर, ही तुमची शंका रास्त आहे. माइल्सवरचे तिकीट उड्डाणाच्या २४ तास आधीपर्यंत रद्द करता येते, ठरावीक शुल्क कापून कर आणि माइल्स परत मिळतात. स्वस्तातल्या रोख तिकिटाला ही सोय बहुधा नसते. या कारणासाठीही मला माइल्सचे तिकीट बरे वाटते.

आता तुमच्या कार्डाचे पॉइंट. मिक्सरच्या हिशेबात एका पॉइंटचे २५ पैसे धरले आहेत, असे तुम्हीच मला सांगितलेत. तेच पॉइंट विमान कंपनीकडे वळवून नीट वापरले तर त्याहून बरेच जास्त हाती लागू शकते, म्हणून मिक्सर घेऊ नका. तो मी घेऊन देते. पण घाईने ते कुठल्या कंपनीकडे वळवूही नका, कारण एकदा वळवलेले पॉइंट कार्डावर परत येत नाहीत. आधी हव्या त्या तारखेची जागा दिसली पाहिजे, आणि वळवण्याचे काम त्यानंतरचे. ओझरहून दिल्लीला जाण्यासाठी ते वापरावेत हा विचारही मला पटत नाही. ते तिकीट महिनाभर आधी काढले की पुरेसे स्वस्त मिळते आणि तिथे पॉइंट खर्चून फारसे काही वाचत नाही.

आणि "माइल्स ठेव, पुढे उपयोगी पडतील" हे मला मान्य करता येत नाही. तुम्ही आयुष्यभर मुदत ठेवींवर विश्वास ठेवलात, पण ठेवीवर व्याज मिळते, माइल्सवर मिळत नाही, उलट कंपन्या त्याच जागेसाठी दर काही वर्षांनी जास्त माइल्स मागू लागतात. एव्हिऑसच्या खात्यात ३६ महिने काही जमा झाले नाही किंवा खर्च झाले नाही तर सगळे बाद होतात. तुमचे एका कंपनीकडचे माइल्स असेच मुदत संपून गेले, तेव्हा तुम्ही दिवसभर कुणाशी बोलला नव्हतात.

तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा स्पष्ट फोटो पाठवा. तिकिटावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळावे लागते आणि आईच्या पासपोर्टवर मधले नाव कसे आले आहे ते मला आठवत नाही. बाबा, जिथे देशाचे पासपोर्ट छापले जातात त्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तुमची नोकरी झाली, तेव्हा त्या पानावर कुठे काय असते हे मी तुम्हाला सांगायला नको. मुदत कधी संपते तेही पाहा. दुसरे म्हणजे, नवरात्रानंतरच्या कोणत्या दोन आठवड्यांत निघणे सोयीचे आहे ते दोघांनी बसून ठरवा आणि येत्या रविवारी सांगा. जागा खुल्या होतील त्या रात्री मी जागीच असेन.

तुमची,
मीनू