न ठिबकणारे सील बसवण्याआधी

संपादक महोदय,

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत बोटी वर ओढल्या की जुने ग्लँड (पंख्याचा दांडा म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारा, दोरीसारखे पॅकिंग भरलेला भाग) काढून न ठिबकणारे शाफ्ट सील बसवून घेण्याचा विचार सुरू होतो. चालू शाफ्टवर ग्लँडमधून मिनिटाला दोन-चार थेंब पडणे हा दोष नव्हे. त्याच पाण्याने पॅकिंग थंड राहते.

सील घ्यायचेच, तर आधी शाफ्टवरून नख फिरवा. पॅकिंगने पाडलेल्या खाचेत नख अडकले, तर ओठाचे सील (शाफ्टला रबरी ओठ टेकवून पाणी अडवणारे) तिथे गळणारच. ते गुळगुळीत भागावरच बसले पाहिजे. दुसऱ्या प्रकारच्या सीलमध्ये रबरी बेलोज (भात्यासारखी घड्यांची नळी) कार्बनची कडी शाफ्टबरोबर फिरणाऱ्या स्टेनलेस कडीवर दाबून धरतो. त्याला खाच चालते, पण स्टेनलेस कडी इंजिनाकडे सरकली की दाब जातो आणि पाणी धो धो आत येते. म्हणून त्या कडीच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, शाफ्टवर एक क्लँप हवाच. कडी शाफ्टवर घट्ट धरणारे सेट-स्क्रू एकदा काढले की पुन्हा वापरू नका.

कपलिंगचे (शाफ्ट इंजिनाच्या बाजूला जोडतात त्या सांध्याचे) अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही बाजू सरळ रेषेत आहेत का, हे बोट पाण्यात उतरल्यावर तपासा, कारण ओढलेल्या बोटीचा सांगाडा किंचित वाकलेला असतो. चार इंची फ्लँजच्या (कपलिंगच्या चकतीच्या) कडेने मोजलेल्या फटीत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक नको. उतरवल्याबरोबर बेलोज हाताने मागे दाबून अडकलेली हवा काढा, नाहीतर कार्बन कोरडा घासून तापतो. वेगवान बोटीत सीलला इंजिनाकडून पाण्याची नळी द्यावीच लागते.

बेलोज फाटला तर समुद्रात दुरुस्ती जवळपास अशक्य. त्यामुळे ज्यांना वेळच्या वेळी बेलोज बदलणे जमणार नाही, त्यांनी चांगले पॅकिंगच ठेवावे.

– एक बोट मेकॅनिक, रत्नागिरी