दिल्लीचा आकडा आणि आपली तुळस

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

आई, काल तुझा फोन आला तेव्हा मी ऑफिसातच होते. "अगं, दिल्लीत चारशेच्या वर गेलंय म्हणे, खिडक्या उघडू नकोस." मी "हो, हो" करून ठेवून दिला. टीव्हीवरची ती हवेच्या निर्देशांकाची चारशेची पट्टी दहा मिनिटांपूर्वी मीच लिहिली होती. आणि तू बोलत होतीस तेव्हा मागे बाबा खोकत होते.

फोनवर बाबा "मले काय धाड भरली!" म्हणून विषय उडवतात, म्हणून लिहितेय. आधी सांगूनच टाकते, तुमची दोघांची तिकिटं मी काढली आहेत. त्रिपुरी पौर्णिमा झाली की चैत्रापर्यंत ताईकडे, सावंतवाडीला. विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता. घर सोडा असं मी म्हणत नाहीये. महाकालीच्या यात्रेआधी परत चंद्रपुरात असाल, शब्द देते. तिथे खालचीच खोली आहे, जिने नाहीत, कमोड बसवून झालाय. ज्वारीचं पीठ आणि आपलं तिखट ताई मागवून ठेवतेय. भावजी तर खूश आहेत, त्यांना कॅरमला जोडीदार हवाच होता.

बाबा, तुम्ही विचाराल, दिल्लीत राहणारी पोरगी आम्हाला हवेचं काय शिकवते? दिल्लीची हवा वाईटच आहे, माझाही घसा दिवाळीपासून खवखवतोय. पण आमचे स्टुडिओ इथे, वार्ताहर इथे, संसद आणि सुप्रीम कोर्ट इथे. साहेबांच्या मुलांची शाळा बंद झाली की ती देशाची बातमी होते. इंडिया गेट दिसेनासं झालं की कॅमेरा न्यायला अर्धा तास पुरतो. मोजणी केंद्रं चाळीसेक, म्हणजे दर तासाला नवा आकडा आणि दर तासाला नवी पट्टी. चंद्रपुरात सतत मोजणारी यंत्रं दोन. मागे एकदा मी बैठकीत आपलं गाव सुचवलं होतं. "व्हिज्युअल काय आहे?" असं विचारलं, आणि मी गप्प बसले. गच्चीवर वड्या वाळत घालताना आई वर मलमल पसरते आणि संध्याकाळी ती झटकते तेव्हा काय उडतं, हे तिथे सांगायला हवं होतं. नाही सुचलं. ते मला अजून खातं.

तुम्हाला आकडे लागतात, म्हणून देते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. चंद्रपूर ८३.८८, देशात चौथं. दिल्लीतला नजफगड नाल्याचा पट्टा ७९.५४, आपल्या मागे. (त्यात पाणी आणि जमीनही धरली होती, नुसती हवा नाही. तुम्ही टोकायच्या आत सांगितलं.) २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीतही आपलं नाव आहेच. आपल्या दुर्गापूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट, आणि चंद्रपुराहून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची लाइन. वीज मुंबईच्या दिशेने जाते. राख काही त्या तारेतून जात नाही.

आठवतं का, मोहर्लीच्या रस्त्याला मी स्कूटरवर पुढे उभी राहायचे? कोळशाचा ट्रक आला की तुम्ही म्हणायचे, "मनू, श्वास धर, दहा मोज." मी डोळे मिटून मोजायचे आणि मग तुमच्या रुमालाने नाक पुसायचे. मला कित्येक वर्षं तो खेळच वाटायचा. तुम्ही कधी कळू दिलं नाही, आणि त्यात तुमची काही चूक नव्हती बाबा. त्या रस्त्याशिवाय आपलं पोट कसं भरलं असतं?

तेच रुमाल आता तुम्ही आईच्या आधी उठून स्वतः धुता म्हणे. आईने फोटो पाठवलाय. तिला ओरडू नका, मीच मागितला होता.

आता नीट ऐका. निघायच्या आधी नागपूरला छातीच्या डॉक्टरांकडे जायचंय, वेळ घेतलीय, दादा गाडी घेऊन येईल. जुने एक्सरे पिवळ्या पिशवीत घाला. बाबा, सकाळचं फिरणं तोवर बंद. पंप लिहून दिला तर "सवय लागते" म्हणून कपाटात ठेवायचा नाही. आई, अंगण झाडण्याआधी पाणी शिंपड आणि तोंडाला पदर नाही, मास्क लाव. लोणच्याची बरणी न्यायची नाही. बरं, छोटी ने.

तुळशीची काळजी नको. शेजारच्या काकूंशी बोललेय, त्या रोज पाणी घालतील. आई, तू ओल्या फडक्याने पानं पुसतेस ना, तेही त्यांना सांगितलंय. "पुसते ना, आमचीही पुसावीच लागते," म्हणाल्या.

तुमची,
मनू